जालिंदरने कप खाली ठेवला

जालिंदर वाघमोडेला नोकरी सोडायची होती. कतारमध्ये आता नोकरी सोडायला मालकाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही, हे फुजैलने त्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्याने ते घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पूर्वी ‘माझी हरकत नाही’ असं मालकाचं पत्र लागायचं. मालकाने दिलं तर ठीक, नाही दिलं तर बसा तिथेच. नव्या कायद्याने ते पत्र उडवलं. शेतातला गडी असो की हॉटेलातला कुक, फोनवर सरकारची साइट उघडायची, नोटीस टाकायची आणि मुदत संपली की बोचकं उचलायचं.

“कुणाला विचारायचं नाही नि कुणाच्या पाया पडायचं नाही,” फुजैल म्हणायचा.

“आरं पण सांगाय तर पायजे का न्हाई?” जालिंदर विचारायचा, आणि सगळं घोडं तिथेच अडायचं.

फुजैल राजापूरकडचा. दोह्यात भाजीच्या एका व्यापाऱ्याकडे तो खरेदीचा क्लार्क होता आणि पिकअप घेऊन उत्तरेकडच्या शेतांवर फिरायचा. नवी नोकरी त्यानेच शोधून आणली होती. एका मोठ्या कंपनीची काचघरं उभी राहत होती. तिथे टोमॅटो मातीत नाही, पाइपात वाढणार होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक अनुभवी मुकादम हवा होता. दोन माणसांत एक खोली, तिला धड चालणारा एसी, दर वर्षी गावी जायचं तिकीट. जालिंदरने सगळं कान देऊन ऐकलं आणि एकच शंका काढली की पाइपातल्या झाडाला माती नाही तर ते उभं कशावर राहतं. फुजैल म्हणाला, तुझ्या पगारावर.

मातीबद्दल जालिंदर हळवा होता, त्याला कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी सांगोल्याहून निघताना एजंटाने त्याला ‘गार्डनचं काम’ सांगितलं होतं. हॉटेलासमोरची हिरवळ, मधोमध कारंजं आणि हातात पाइप घेऊन उभे असलेले आपण, असे मनातल्या मनात मांडे खात तो विमानात बसला. अल खोरच्याही पुढे जाऊन गाडी थांबली तेव्हा समोर वाळू होती, तारेचं कुंपण होतं, खजुराच्या चार ओळी होत्या आणि खारट पाण्याची एक विहीर होती. गार्डन कुठाय, असं त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरने विचार करून जालिंदरच्याच छातीकडे बोट दाखवलं. सोळा वर्षांत त्याने तिथे खरोखरच हिरवं केलं. वाळूत शेणखत कालवून कालवून त्याने जी माती बनवली होती ती दुसऱ्या कुणी मूठभर उचलली तरी त्याचं लक्ष जायचं.

शेताचा मालक अबू राशिद. म्हणजे राशिदचा बाप. शेतावरचे सगळे त्याला बाबा म्हणायचे. म्हाताऱ्याचा जन्म रियालच्या आधीचा. त्याच्या लहानपणी इथल्या बाजारात रुपया चालायचा, भारताच्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला. त्यामुळे तो मुंबईवाल्या व्यापाऱ्यांची जुनी हिंदी झकास बोलायचा आणि शेतावर कुणीही पाहुणा आला की जालिंदरकडे बोट दाखवून एकच विनोद करायचा. “यांचा रुपया आमच्याकडे नोकरीला होता. तो गेला, मग हा आला.” पाहुणे हसायचे, जालिंदर हसायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हातारा स्वतः हसायचा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा अबू राशिद विशीत होता, शेती खात्यात नवा कारकून. झेंडा आपला झाला, दोनेक वर्षांत रियालही आपला झाला, पण ताटातली काकडी दुसऱ्याची, यावर त्या काळी खात्यात रोज वाद झडायचे म्हणे. साहेब लोक सांगत की तेल विकावं आणि भाजी आणावी, व्यापार म्हणजे दुसरं काय असतं. अबू राशिद विचारायचा, रस्ता बंद झाला तर? त्यावर सगळे हसत. रस्ता कोण बंद करणार, शेजारीच तर आहेत. शिवाय पिकवायचं म्हटलं तर गोडं पाणी नाही आणि राबायला माणसं नाहीत. माणसं बाहेरून आणली तर त्यांना कोणत्या कायद्यात बसवायचं, याचं धड उत्तर तर पुढे कित्येक वर्षं कुणाकडेच नव्हतं. म्हाताऱ्याने वाद घालणं सोडलं, शेत घेतलं आणि शुक्रवारी येऊन खजुराखाली बसायला सुरुवात केली.

आणि मग २०१७च्या रमजानात रस्ता खरंच बंद झाला. शेजाऱ्यांशी बिनसलं, जमिनीवरून येणारी एकुलती एक वाट मिटली, भाजीचे ट्रक पलीकडेच राहिले. दुकानांतली फळ्या-कपाटं रिकामी झाली आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. अबू राशिदला मात्र इतक्या वर्षांनी का होईना आपलं खरं झालं याचा एवढा आनंद झाला की देशावर संकट आहे हे तो मधूनमधून विसरायचा. पहाटेची नमाज झाली की तो शेतावर हजर. पंखे आले, ओल्या जाळ्या आल्या, भर उन्हाळ्यात काकडी लागली, हिवाळ्यात टोमॅटोने मांडव भरले. खोक्यांवर झेंड्याचा स्टिकर लागला.

पहिला माल दुकानात गेला त्या दिवशी म्हाताऱ्याने जालिंदरला गाडीत घातलं आणि दोघं तो माल बघायला गेले. विकत घ्यायला नव्हे, नुसतं बघायला. भाजीच्या मांडणीपासून थोडं लांब, कांद्याच्या आडोशाला दोघं उभे राहिले. एका बाईने त्यांचा टोमॅटो उचलला, अंगठ्याने दाबला, नाक मुरडलं आणि परत ठेवला. अबू राशिद तरातरा तिच्याकडे निघाला. जालिंदरने प्रथमच मालकाच्या अंगाला हात लावला, बाहीला धरून त्याला मागे ओढलं. परतीच्या वाटेवर म्हातारा सारखं एकच म्हणत होता, दाबायचं काय कारण होतं.

शेतावर दोघांचा चहा एकत्र व्हायचा. पंपघरामागे जिथे पाइप गळतो तिथे जालिंदरने गवती चहाचा बुडखा लावला होता. तो सांगोल्याहून इथवर कसा आला ते कुणी विचारू नये. ती पात घातलेला चहा म्हाताऱ्याला भारी आवडायचा. टोमॅटोच्या पालथ्या पेटीवर दोन ग्लास ठेवले जायचे, बाबा पहिला घोट घ्यायचा, मग जालिंदर आपला ग्लास उचलायचा. ही जालिंदरच्या आईची, केसरबाईची शिकवण. मोठ्या माणसानं घोट घेतल्याबिगर आपण कपाला हात लावायचा न्हाई, असं तिने त्याला लहानपणी शिकवलं होतं, आणि ते नुसतं तोंडाने शिकवलेलं नव्हतं. अजूनही कुणा वडीलधाऱ्यासमोर कप आला की जालिंदरच्या हाताला आधी आईची चापट आठवायची.

पुढे भांडण मिटलं, रस्ता उघडला, ट्रक पुन्हा यायला लागले आणि बाहेरचा टोमॅटो स्वस्तात दुकानात लागला. त्याच सुमाराला म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तो दोह्याजवळच्या अल गराफातल्या व्हिलात बसून राहिला आणि शेताचा कारभार राशिदकडे गेला. राशिद काही वाईट माणूस नव्हता. आकडेमोड करणारा माणूस होता इतकंच. शेतात पैसा राहत नाही, पुढच्या वर्षीपासून भाजी बंद करून तिथे हिवाळ्यात लोकांना राहायला घरं बांधू, मधोमध पोहण्याचं तळं करू, असं त्याने ठरवलं होतं. गड्यांपैकी बरेच जण पांगले होते. उरलेल्यांना घेऊन जालिंदर मांडव सांभाळत होता. कामाचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला खुपत होतं ते हे की पीक दाखवायला माणूस उरला नव्हता. टोमॅटो लाल व्हायचे, फुजैल येऊन खोकी उचलायचा, वजन करायचा, आणि ‘वा’ म्हणायला कुणी नाही.

बायकोला, राजश्रीला, तो फोनवर सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, वाळूत टोमॅटो, बघितल्याबिगर मी न्हाई मानायची. नव्या नोकरीचं ऐकल्यावर मात्र ती लगेच म्हणाली, घ्या की मग, वाट कुणाची बघताय.

म्हणून एका संध्याकाळी अल मुंतझातल्या फुजैलच्या घरी सोफ्यावर बसून जालिंदरने नोटीस टाकली. फुजैलची मुलगी इनाया इंग्रजी वाचून दाखवत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. शेवटचं बटण जालिंदरने स्वतः दाबलं. फोनने हिरवी खूण दाखवली, फुजैलने पाठीवर थाप मारली, आणि इनाया सहज म्हणाली, “नाऊ युअर बॉस विल गेट अ मेसेज.”

जालिंदर उभाच राहिला. मालकाला मेसेज जाईल? आताच्या आता? सोळा वर्षं ज्याच्यासोबत चहा प्यायलो त्याला आपण जातोय हे फोनची घंटी सांगणार? त्याने पायात चपला सरकवल्या. फुजैलने परोपरीने समजावलं की मेसेज मालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर जातो, तो नंबर राशिदचा आहे, म्हातारा फोन वापरतच नाही. जालिंदर म्हणाला, मग राशिदनं सांगायच्या आत मला पोचाय पायजे. शेवटी फुजैलने कपाळाला हात लावून गाडीची किल्ली घेतली. जाता जाता जालिंदरने पिकअपमधली त्या हंगामाच्या पहिल्या टोमॅटोची एक पेटी उचलली. निरोप सांगायला जायचं आणि रिकाम्या हाताने, हे त्याला बरं दिसेना.

व्हिलाच्या फाटकापर्यंत तो पूर्वी कितीदा तरी आला होता, खोकी उतरवून परत गेला होता. आत मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, पाऊल टाकण्याची त्याची ही पहिलीच वेळ. लांबलचक खोली, भिंतीलगत बैठका, त्यांवर पांढऱ्या झग्यातले आठ-दहा म्हातारे, आणि कोपऱ्यात पायांवर शाल घेतलेला अबू राशिद, त्याच्या एका बाजूला राशिद. जालिंदरला बघून त्याचा चेहरा असा फुलला की जालिंदरला आल्या पावली पळून जावंसं वाटलं. म्हाताऱ्याने त्याला आपल्या शेजारी बसवलं, सगळ्यांना रुपयाचा विनोद ऐकवला आणि कॉफीची खूण केली. टोमॅटोची पेटी पायाशी ठेवून फुजैल दाराजवळ टेकला.

कमाल नावाचा बांगलादेशी गडी तिथे कॉफी वाढायचा. डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्या हातात बिनकानाचे इवलेसे कप. त्याने एक कप भरून जालिंदरच्या हातात दिला. जालिंदरने तो आदबीने घेतला आणि समोर गालिच्यावर ठेवला. बाबांचा कप अजून यायचा होता. बाबांनी घोट घेतला की आपण घेऊ.

पण बाबांची कॉफी केव्हाच पिऊन झाली होती. मजलिसमध्ये सगळे एकदम पीत नाहीत, येईल तसा ज्याचा त्याचा कप फिरतो. हे जालिंदरला कोण सांगणार? तो हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा वाट बघत बसला. आधी शेजारचा म्हातारा बोलायचा थांबला. मग त्याच्या पलीकडचा. कमाल किटली घेऊन उभाच राहिला आणि डोळे मोठे करून कधी कपाकडे, कधी जालिंदरकडे बघायला लागला. बघता बघता सगळी खोली गप्प झाली.

अबू राशिदने हळूच विचारलं, काय हवंय तुला?

“काही नाही, बाबा.”

“सांग.”

“नको नको. खरंच काही नको.”

आता आपल्याकडे पहिल्या फेरीत ‘नको’ म्हणायचीच रीत आहे, आणि दुसऱ्या फेरीतही. इथली रीत वेगळी. घरी आलेल्या पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला तर त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमानाने ते देऊ केल्याशिवाय तो पिणार नसतो. पाहुणा प्यायल्याविना उठला तर यजमानाची चारचौघांत शोभा. त्यात जालिंदर जितक्यांदा ‘नको’ म्हणे तितकी त्याची मागणी सगळ्यांना मोठी वाटत चालली. एका पाहुण्याने तर अबू राशिदला अरबीत सांगितलं की गरीब बिचारा संकटात दिसतोय, देऊन टाक.

अबू राशिद सावरून बसला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “कॉफी पी, जालिंदर. अब्शिर. जे मागशील ते दिलं.”

अब्शिर म्हणजे झालंच समज. हा शब्द जालिंदरला ठाऊक होता. आपण काहीतरी करून बसलोय हेही एव्हाना त्याला कळलं होतं, फक्त काय ते कळत नव्हतं. त्याने फुजैलकडे पाहिलं. फुजैल तोंड उघडं टाकून बसला होता. सांगायला आलो होतो की मी चाललो, आणि इथे तर सगळी खोली आपण मागण्याची वाट बघतेय. ‘मी चाललो’ ही काय मागणी झाली? त्याने मान खाली घातली तर शेजारी शालीखालचे ते दोन पाय दिसले, मांडवातून त्याच्यापुढे तरातरा चालणारे, त्या टोमॅटो दाबणाऱ्या बाईच्या अंगावर धावून गेलेले. आणि जे तोंडातून निघालं ते त्याने ठरवलेलं अजिबात नव्हतं.

“बाबा, तुम्ही शेतावर या. एकदा. टोमॅटो बघायला.”

बाजूला बसलेल्या राशिदने गुडघ्यांचं आणि डॉक्टरांचं काही सांगायला सुरुवात केली, तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघताच हात वर केला. दिलं म्हटलंय ना मी, एवढंच तो म्हणाला. मग त्याने शालीचं टोक उचलून नाक पुसलं.

जालिंदरने कप एका घोटात संपवला. कमालने पुन्हा भरला. तोही संपवला. पुन्हा भरला. पुरे असेल तेव्हा कप मनगटातून हलवायचा असतो हेही त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे कडू कॉफीचे किती कप त्याच्या पोटात गेले त्याची गणती नाही. शेवटी कमालनेच दया येऊन किटली मागे घेतली आणि फाटकापर्यंत सोडायला येऊन हिंदीत त्याला कपाची सगळी भानगड सांगितली. जालिंदर आधी लाजेने लाल झाला आणि मग तिथेच भिंतीला टेकून पोट धरून हसला.

फुजैल मात्र हसत नव्हता. “खुळ्या, म्हाताऱ्याने सगळं दिलान नि तू मागितलंस काय? या, टोमॅटो बघा. अरे पगार माग, तिकीट माग, शेत आपल्या नावावर करून माग. नोटीसचं तरी सांगितलंस का?”

“ऱ्हायलं,” जालिंदर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजश्रीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की केसरबाईने फोन हिसकावून घेऊन काय झालं ते विचारलं. आईला आपल्या शिकवणीने सातासमुद्रापलीकडे केलेला पराक्रम ऐकून मोठा अभिमान वाटला. मग फोन पुन्हा राजश्रीकडे आला. आता ती हसत नव्हती. “मालकाला म्हणालासा, या टोमॅटो बघाय. मला आजवर कवा म्हणालासा का?” रेंज नाही असं सांगून जालिंदरने फोन ठेवला, आणि रेंज तर सगळी होती.

शुक्रवारी सकाळी राशिदची गाडी शेतात शिरली. म्हातारा काठी टेकत उतरला, राशिदने दिलेला हात झटकून टाकला आणि पहिल्या मांडवात शिरला. शिरल्या शिरल्या त्याने जाळी ढिली बांधल्याबद्दल जालिंदरला फैलावर घेतलं. ठिबकची एक नळी तुंबली होती, ती नेमकी त्याला दिसली. जालिंदर मागून हो बाबा, हो बाबा करत चालला होता आणि किती दिवसांनी शिव्या खायला मिळाल्या म्हणून मनातून सुखावला होता. ओळीच्या टोकाला येऊन म्हाताऱ्याने एक लालबुंद टोमॅटो हातात घेतला, अंगठ्याने दाबला आणि नाक मुरडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हातारा खो खो हसला, टोमॅटो झग्याच्या बाहीला पुसला आणि कचकन चावला. “वा,” तो म्हणाला.

राशिद मागे राहिला होता. त्याने जालिंदरला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की तुझा मेसेज आला होता, आणि तो मी वडिलांना परवाच वाचून दाखवला.

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं. माहीत असून ते आले, जाळीवरून ओरडले, टोमॅटो खाल्ला, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जालिंदर गुपचूप पंपघरामागे गेला, गवती चहाची पात खुडली आणि चहा टाकला. चहा उकळेस्तोवर सगळं सांगून टाकायचं त्याने पक्कं ठरवलं. चहा उकळला, गाळला, तरी त्याला पहिलं वाक्य सापडलं नव्हतं.

पेटीवर दोन ग्लास ठेवून तो समोर बसला आणि नेहमीसारखा बाबांच्या पहिल्या घोटाची वाट बघू लागला. अबू राशिदने ग्लास उचलला, वास घेतला, आणि तसाच परत खाली ठेवला.

साखर कमी पडली काय, असं आधी जालिंदरला वाटलं. त्याने डबा पुढे केला. म्हाताऱ्याने मान हलवली. दोन्ही हात काठीवर ठेवून तो जालिंदरकडे बघत बसला. ग्लासातून वाफ निघत होती. आणि मग जालिंदरच्या लक्षात आलं.

पूर्वीचे दिवस असते तर या माणसाने नुसतं एक पत्र द्यायचं टाळलं असतं आणि जालिंदर आयुष्यभर इथेच राहिला असता. ते पत्र आता उरलं नव्हतं. थांबवायचं तर मागावं लागत होतं, आणि मागायची जी रीत म्हाताऱ्याला ठाऊक होती त्या रीतीने तो आपल्याच शेतात, आपल्याच मुकादमाचा पाहुणा होऊन मागत होता. चारचौघांत देण्यापेक्षा हे त्याला किती जड गेलं असेल ते जालिंदरला कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. पाइपातले टोमॅटो, एसीची खोली, दर वर्षीचं तिकीट, सगळं एकदा त्याच्या नजरेसमोरून गेलं. फुजैल काय म्हणेल तेही गेलं.

“अब्शिर, बाबा,” तो म्हणाला. “चहा घ्या. मी कुठं जात नाही.”

म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला आणि ग्लासाकडे हात नेला. पण तो हात मध्येच थांबला. जालिंदरने स्वतःचा ग्लास उचलून, चांगला त्याला दिसेल असा, पेटीवर त्याच्या ग्लासाशेजारी ठेवला होता. सांगोल्याचा माणूस हळवा असेल, पण एकदा शिकलेली गोष्ट तो वाया घालवत नाही.

अबू राशिदने दोन्ही ग्लासांकडे पाहिलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्याला ठसका लागला. बोल, तो म्हणाला, बोल काय हवंय.

जालिंदरने आधी खोलीच्या एसीचं सांगितलं, मग तिकिटाचं. ते दोन्ही नवी कंपनी देत होती, तेव्हा ते मागण्यात त्याला संकोच वाटला नाही. म्हातारा मान डोलावत होता. तिसऱ्या गोष्टीला मात्र जालिंदर अडखळला, गवती चहाच्या बुडख्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, “माझ्या बायकोनं हे शेत अजून बघितलेलं नाही. तिला वाटतं मी थापा मारतो.”

“अब्शिर,” अबू राशिद लगेच म्हणाला. “या हिवाळ्यातच येऊ दे. माझ्या घरची पाहुणी म्हणून.”

राशिद हे सगळं उभ्याने ऐकत होता. तळ्याचं काय करायचं, असं त्याने शेवटी विचारलं. म्हातारा म्हणाला, तू पण एक ग्लास घे आणि खाली ठेवून बघ. राशिदने खरंच ग्लास घेतला आणि हसत हसत पेटीवर ठेवला. म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं की पश्चिमेच्या कोपऱ्यात जिथे काही उगवत नाही तिथे खुशाल तळं कर, मांडवांना हात लावू नकोस. एवढ्यावर राशिदने आपला चहा पिऊन टाकला.

मग दोघांचेच ग्लास राहिले. जालिंदर सवयीप्रमाणे मांडीवर हात ठेवून बाबांच्या घोटाची वाट बघू लागला. बाबा काठीवर हात ठेवून जालिंदरची वाट बघत होता. शेतात आपण पाहुणे, मग ज्याने आपल्याला दिलं त्याने आधी प्यावं, असं त्याच्या मनात आलं असावं. केसरबाईने असं काही झालं तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं. थोडा वेळ दोघं तसेच बसून राहिले. मग दोघांनी एकदमच ग्लास उचलले. चहा पार गार झाला होता, आणि दोघं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.